पराभूत संघाचा प्रेक्षक : रसविचाराच्या सीमेवरील एक प्रश्न

करुणरसापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न मराठी साहित्यविचाराने इतक्या वेळा हाताळला आहे की, त्याविषयी पुन्हा काही लिहावयाचे म्हटले म्हणजे लेखणी संकोचते. ‘एकच प्याला’तील सिंधूचे हाल पाहून डोळे पुसणारा प्रेक्षक त्याच नाटकाच्या पुढील प्रयोगाला पुन्हा का जातो, याची उत्तरे आपल्याकडे अनेक आहेत, ती परस्परांशी जुळत नाहीत एवढेच. परंतु या प्रश्नाची उलट बाजू मात्र आपल्या चर्चेत फारशी आलेली नाही. एक मनुष्य आपल्या आवडत्या फुटबॉल संघाचा पराभव पाहतो. त्याला खरोखरीचे दुःख होते. त्या दुःखात आस्वादाचा लेशही नसतो. रात्री त्याला जेवण जात नाही, दुसऱ्या दिवशी तो कोणाशी धड बोलत नाही. आणि तरीही पुढील सामन्याला तो वेळेच्या आधी हजर असतो. नाट्यगृहातील शोकाचा आनंद होतो आणि मैदानावरील शोकाचा होत नाही, असे असता दोन्ही ठिकाणचा प्रेक्षक परत येतो तो का?

हा विषय मानसशास्त्राचा आहे, साहित्याच्या विभागाचा नव्हे, असा आक्षेप येथे संभवतो. तो निम्मा खरा आहे. परंतु ‘प्रेक्षक’ ही संकल्पना आपण नाट्यशास्त्रातून घेतली, तिच्यावर तादात्म्य, ताटस्थ्य, साधारणीकरण अशा सिद्धांतांचे इमले उभारले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्यासारख्या प्रदेशात राहून, जेथे नाट्यगृहापेक्षा मैदानावर प्रेक्षक अधिक जमतो, तेथे त्या सिद्धांतांची कसोटी कधी पाहिली नाही. सिद्धांत कोठे लागू पडत नाही हे पाहिल्याने तो कोठे लागू पडतो हेही अधिक नेमके कळते.

प्रथम भेद स्पष्ट करावयास हवा. नाटकाला कर्ता असतो. सिंधूचे मरण गडकऱ्यांनी योजिलेले आहे, आणि ते योजिलेले आहे ही जाणीव प्रेक्षकाच्या शोकाखाली एखाद्या जमिनीसारखी असते. सामन्याला कर्ता नाही. नव्वद मिनिटांचा शेवट कोणी लिहून ठेवलेला नसतो, म्हणून तेथे होणाऱ्या दुःखाला कोणत्याही हेतूचा आधार मिळत नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांत प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हे एक महत्त्वाचे विघ्न आहे; अनुभव ‘माझा’ किंवा ‘दुसऱ्याचा’ असा एका व्यक्तीशी, देशाशी व काळाशी जखडून पाहणे हे दुसरे. संगीत, नृत्य, रंगमंचाची सजावट ही या विघ्नांच्या निवारणासाठी असतात असे तो म्हणतो. फुटबॉलच्या मैदानावर सारी व्यवस्था याच्या नेमकी उलट असते. झेंडे, बंड्या, घोषणा, संघाची गाणी यांचे कार्य प्रेक्षकाला ‘हे माझे आहे’ याची क्षणोक्षणी आठवण करून देणे हे असते. रसाच्या दृष्टीने जे विघ्न, तेच येथे प्रवेशपत्र ठरते.

न. चिं. केळकरांनी 1921 च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना येथे अधिक उपयोगी पडेल असे प्रथमदर्शनी वाटते. आपण आपले राहूनही दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा त्या कल्पनेचा आशय. फुटबॉलप्रेमीही दुहेरी अवस्थेतच असतो. पेनल्टी घेणारा तो नव्हे हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तरी त्याचा उजवा पाय जागच्या जागी हलतो. पण वाचकाला विकल्प सुटकेची वाट देतो. पुस्तक मिटता येते. फुटबॉलप्रेमीला तोच विकल्प असहाय करतो. सारे त्याचे असते, आणि त्याच्या हातात काहीच नसते. केळकरांच्या समाधीला येथे किंमत मोजावी लागते, आणि ती आगाऊ मोजावी लागते.

मर्ढेकरांच्या लयतत्त्वाने या खेळाचे सौंदर्य सांगता येईल. संवाद, विरोध आणि समतोल यांची उदाहरणे एखाद्या चांगल्या चढाईत सहज दाखविता येतील. परंतु ते सौंदर्य दिसते तटस्थाला. आपला संघ एका गोलने पुढे आहे आणि आठ मिनिटे उरली आहेत, अशा वेळी संघाच्या प्रेमिकाला लय दिसत नाही, घड्याळ दिसते.

कोल्हापूर शहरातील प्रेक्षकाकडे आता वळू. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे जिल्ह्यातील कोणाही शाळकरी मुलाला ठाऊक असतात. यांतील बहुतेक नावांत ‘तालीम’ हा कुस्तीचा शब्द आहे, आणि तो योगायोग नव्हे. लाल मातीच्या आखाड्याभोवती जी पेठेची निष्ठा एकवटली होती, तीच पुढे चेंडूमागे गेली. पुष्कळदा ज्या मंडळाचा गणपती त्याच मंडळाचा संघ, आणि ज्या कट्ट्यावर वडील बसले त्याच कट्ट्यावर मुलगा. शाहू स्टेडियममधील प्रेक्षक आपला संघ निवडत नाही. तो संघात जन्मतो. म्हणून पराभवाने त्याला कितीही दुःख झाले तरी ‘मी या संघाचा का?’ हा प्रश्न त्याला पडत नाही. आडनावाविषयी असा प्रश्न कोणी विचारत नाही.

या नात्याचा पुरावा भाषेत सापडतो. अमेरिकेत रॉबर्ट सियाल्डिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मानसशास्त्रात सुप्रसिद्ध आहे. सात विद्यापीठांतील विद्यार्थी, आपला संघ शनिवारी जिंकला असेल तर सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे अधिक प्रमाणात घालून येतात, आणि विजयाविषयी बोलताना ‘आम्ही’ हे सर्वनाम पराभवापेक्षा अधिक वापरतात, असे त्यांना आढळले. (तो फुटबॉल अमेरिकन पद्धतीचा होता, पायाने खेळावयाचा नव्हे, पण येथे तो भेद महत्त्वाचा नाही.) विजयात ‘आम्ही’ आणि पराभवात ‘ते’ हा मनाचा बचाव आहे, हे त्यावरून सामान्यतः काढले जाणारे अनुमान.

मराठीत हा प्रयोग केला तर काय होईल, याचा विचार भाषेच्या विद्यार्थ्याने अवश्य करावा. इंग्रजीच्या एका सर्वनामाच्या जागी आपल्याकडे दोन आहेत. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, ‘आपण’ त्याला आत घेते. ‘आपण जिंकलो’ असे म्हणणारा कट्ट्यावरील मनुष्य ऐकणाऱ्याला विजयात वाटा देतो. दुसऱ्या पेठेतील मित्रापुढे तोच ‘आम्ही जिंकलो’ म्हणतो, आणि त्या एका शब्दात सारी चुरस येते. पराभवानंतर मात्र प्रस्तुत लेखकाने वारंवार ऐकलेले वाक्य यांपैकी कोणत्याच सर्वनामाचे नाही. ते असते, ‘पोरं कमी पडली.’ हा ‘ते हरले’ असा हात झटकणे नव्हे. तसा ‘आपण हरलो’ असा भार घेणेही नव्हे. घरातल्या मुलाने परीक्षेत गटांगळी खाल्ली म्हणजे वडीलधारी माणसे ज्या स्वरात बोलतात, तो हा स्वर. त्यात राग आहे, अंतर आहे आणि नाते तर आहेच. सर्वनामांच्या मोजणीत हे वाक्य ‘ते’च्या रकान्यात पडले असते, आणि अभ्यासकाची फसगत झाली असती.

जयसिंगपूरचे चित्र निराळे आहे, आणि या लेखाचा खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेले हे बाजारपेठेचे गाव. ते आखून वसविले गेले, म्हणून तेथे सरळ रस्ते आहेत आणि गल्ल्यांना क्रमांक आहेत. माणूस पत्ता सांगतो तो सातव्या गल्लीचा, दहाव्या गल्लीचा. व्यापारासाठी ठिकठिकाणांहून आलेली कुटुंबे येथे शेजारी झाली. ज्या जुन्या पेठांतून कोल्हापुरात फुटबॉलची निष्ठा जन्माला येते, तशी पेठ येथे नाही. आणि क्रमांकाच्या प्रेमात पडणे कठीण. जिल्ह्याच्या ठिकाणचे वेड मात्र वृत्तपत्रांतून आणि रेल्वेने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांमधून येथे पोचते. तेव्हा येथील फुटबॉलप्रेमी मुलाला संघ निवडावा लागतो, आणि पुष्कळदा तो थेट ब्राझील किंवा अर्जेंटिना निवडतो.

हे प्रेम उसने आहे, असे कोल्हापुरातील मित्र हसून म्हणतात. ते मला मान्य नाही. दूरच्यावर जडलेले प्रेम खोटे असते असे साहित्याच्या अभ्यासकाने तरी म्हणू नये. आपण सारे कधीही न पाहिलेल्या नगरींविषयी आणि न भेटलेल्या माणसांविषयी हळहळत आलो आहोत. भेद आहे तो दुसरीकडे. पेठेतील प्रेक्षकाचे प्रेम वारशाने येते, जयसिंगपूरच्या मुलाचे अभिरुचीने. त्याने ब्राझील का निवडला याला कारण असते, निदान असावे अशी अपेक्षा असते: खेळाची शैली, एखादा खेळाडू, मोठ्या भावाचा विरोध. म्हणून पराभव त्याच्या निवडीवरच आघात करतो. 8 जुलै 2014 रोजी बेलो होरिझोंते येथे जर्मनीने ब्राझीलला 7-1 असे हरविले, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सामना दीड वाजता सुरू झाला आणि पहिल्या अर्ध्या तासातच पाच गोल झाले. त्या रात्री जागणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात जे ऐकावे लागले, ते ‘तुझा संघ हरला’ असे नव्हते. ‘तुला कळत नाही’ असे होते. वारशाने आलेल्या प्रेमाला हा टोमणा लागू पडत नाही. निवडलेल्या प्रेमाला तो वर्मी लागतो, आणि ज्याने एखाद्या कवीची बाजू घेऊन समवयस्कांशी भांडण केले आहे, त्याला तो ओळखीचा वाटेल.

या मुलाला वडीलधाऱ्यांकडून मिळणारा उपदेश ठरलेला असतो: खेळ खेळासारखा घ्यावा. या उपदेशाचा आपण थोडा कठोरपणे विचार करावा असे मला वाटते. त्याचा अर्थ तटस्थ व्हा असा होतो. आणि तटस्थाला दुःख होत नाही ते त्याच्याजवळ गमावण्यासारखे काही नसते म्हणून. हे दुःखावरचे औषध नव्हे, प्रेमच नाहीसे करण्याची सूचना आहे. जिव्हाळ्याची कादंबरी ‘शेवटी गोष्टच आहे’ अशा वृत्तीने वाचा असे आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही. दुसऱ्या बाजूला, सामन्यात मनातील क्रोधाचे विरेचन होते व मनुष्य निवळून घरी जातो, असे ॲरिस्टॉटलच्या आधाराने सांगणारेही आहेत. त्यांनी कोणत्याही मोठ्या सामन्यानंतर शाहू स्टेडियमबाहेर उभे राहावे. समर्थकांच्या हाणामारीच्या आणि दगडफेकीच्या बातम्या कोल्हापूरला नव्या नाहीत. 16 ऑगस्ट 1980 रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि 16 जणांचे प्राण गेले. तेथे कशाचेही विरेचन झाले नव्हते.

मग या भावनांच्या चढउताराचे करावयाचे काय? मला वाटते, येथे जुन्या शास्त्रातील स्थायी आणि व्यभिचारी हा भेद, रससिद्धांत बाजूला ठेवूनही, कामास येतो. भरताने सांगितलेले तेहतीस व्यभिचारी भाव पाहावेत. शंका, असूया, मद, दैन्य, चिंता, स्मृती, धृती, हर्ष, आवेग, जडता, गर्व, विषाद, औत्सुक्य, अमर्ष, उग्रता, उन्माद, वितर्क: एका सामन्याचे वर्णन यापेक्षा पुरतेपणी कोणी केले असेल असे वाटत नाही. संघ हरत असताना ‘मला काही वाटत नाही’ असे दाखवीत मोबाईलकडे पाहणारा मनुष्य म्हणजे अवहित्थाचे शुद्ध उदाहरण. व्याधीदेखील या यादीत आहे. आणि 2006 च्या विश्वचषकाच्या वेळी जर्मन संघाच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या 2.66 पट झाल्या, हे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन पाहता ती तेथे असणे योग्यच म्हटले पाहिजे.

हे सारे येणारे आणि जाणारे भाव. त्यांच्याखाली स्थायी काय आहे, हा प्रश्न. माझे उत्तर असे की, स्थायी आहे ती संघाविषयीची रती. मम्मटाने देवादिविषयक रतीला रस न म्हणता केवळ ‘भाव’ म्हटले, त्या जातीची ही रती आहे. ती पूर्णपणे आस्वाद्य होत नाही, पण टिकते. जेथे ती खरोखर स्थायी असते तेथे हर्ष आणि विषाद लाटांसारखे उठून तिच्यातच विरतात. जेथे गर्व किंवा अमर्ष हाच स्थायी होऊन बसतो आणि संघ हे केवळ निमित्त उरते, तेथे एका पराभवाने काच फुटते. मैदानाबाहेर दगड उचलणारा मनुष्य संघावर अति प्रेम करतो हा गैरसमज आहे. तो कमी प्रेम करतो. त्याला संघ नको, विजय हवा आहे.

परंतु भाव विरतात ते आपोआप नव्हे. त्यांना वेळ आणि वाणी लागते. येथे फुटबॉल पुन्हा साहित्याच्या हद्दीत येतो. सामना हा रस नव्हे. सामन्याचे कथन मात्र रसाच्या अगदी जवळ जाते, कारण कथनात त्याला कर्ता मिळतो. निक हॉर्नबीचे ‘फीवर पिच’ हे 1992 चे आत्मकथन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 1968 मध्ये वडिलांबरोबर पाहिलेल्या आर्सेनलच्या पहिल्या सामन्यापासून लेखक आपले आयुष्य सामन्यांच्या तारखांनी मोजतो; आईवडिलांचे विभक्त होणे, शिक्षण, नैराश्य हे सारे त्या तारखांच्या आधाराने सांगतो. पुस्तकात विनोद पुष्कळ आहे, पण तो विनोद मैदानावर नव्हता. तो वीस वर्षांनी लिहिताना आला. माझा आक्षेप एवढाच की, हॉर्नबी या वेडाला पुष्कळदा वैयक्तिक विकार म्हणून पाहतो. कोल्हापूरच्या कट्ट्यावर तेच वेड सामाईक स्मरण असते, आणि म्हणून त्याची लाज वाटत नाही.

पराभवाच्या कथनातून काय निर्माण होऊ शकते याचे मोठे उदाहरण ब्राझीलचेच आहे. 16 जुलै 1950 रोजी रिओच्या माराकाना मैदानावर पावणेदोन लाखांच्या आसपास प्रेक्षकांसमोर, केवळ बरोबरी पुरेशी असताना, ब्राझील उरुग्वेकडून 1-2 असा हरला. गोलरक्षक बार्बोसा 2000 मध्ये वारला, तोपर्यंत त्या एका गोलाचा दोष त्याच्या माथी राहिला. कथन नेहमीच दयाळू असते असे नाही. परंतु त्याच पराभवानंतर संघाचा पांढरा वेश अशुभ ठरला आणि 1953 मध्ये एका वृत्तपत्राने नव्या वेशासाठी स्पर्धा घेतली. ती जिंकणारा तरुण अल्दिर श्ली हा उरुग्वेच्या सीमेजवळचा. पुढे तो कथालेखक झाला आणि फुटबॉलमध्ये त्याचा ओढा उरुग्वेकडेच राहिला. जयसिंगपूरच्या गल्लीत मुलगा जी पिवळी बंडी घालून फिरतो, ती अशा रीतीने एका पराभवाचे अपत्य आहे, आणि तिचा कर्ता प्रतिपक्षाचा प्रेमी. ही हकीकत मी सांगितली तेव्हा तेथील मुले बराच वेळ हसली.

कट्टा नसलेल्या गावात कथन कोठे होते? जयसिंगपुरात ते दुकानाच्या फळीवर, रेल्वेच्या डब्यात, आणि मोबाईलवर होते. शेवटच्याविषयी मी थोडा साशंक आहे. गोल तेवढा कापून दाखविणारी चित्रफीत प्रतीक्षा काढून टाकते, आणि प्रतीक्षेवाचून फुटबॉलमध्ये जे उरते ते फारच थोडे असते. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री अर्जेंटिना 2-0 असा पुढे असता ऐंशीव्या मिनिटानंतर दीड-दोन मिनिटांत एम्बापेने दोन गोल केले. पुढे 3-3, आणि शेवटी पेनल्टींवर 4-2. ज्याने ते सारे बसून पाहिले त्याच्या सांगण्यात त्या मधल्या ऐंशी मिनिटांचे निर्धास्त सुख येते, आणि ते आल्यावाचून पुढील भय समजत नाही. चित्रफीत पाहणाऱ्याला सहा गोल ठाऊक असतात, सामना ठाऊक नसतो.

जयसिंगपूरमधील माझ्या परिचयाचा एक तरुण ब्राझीलचा प्रेमी आहे. 9 डिसेंबर 2022 रोजी क्रोएशियाकडून पेनल्टींवर झालेल्या पराभवाविषयी तो अद्याप बोलत नाही. विचारले तर विषय बदलतो. 2014 च्या सात गोलांविषयी मात्र तो आता आनंदाने बोलतो, आणि त्याचे सांगणे ऐकावयास दुकानासमोर माणसे थांबतात. म्युलरचा पहिला, क्लोजेचा दुसरा, मग क्रोसचे दोन, खेदिराचा पाचवा. तिसऱ्या गोलाच्या वेळी तो पाणी प्यावयास उठला होता आणि परत आला तो चौथा होऊन गेला होता. शुर्लेचे दोन गोल तो घाईने उरकतो. नव्वदाव्या मिनिटाला ऑस्करने ब्राझीलचा एकुलता एक गोल केला, त्या वेळी घरातील सारे झोपले होते. त्या गोलाचे वर्णन तो सर्वांत सविस्तर करतो.